जबाबात न लिहिलेली वाक्यं

९ ऑगस्ट, शनिवार

ठमी,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, तो शब्द दिसला की तू पत्र तिथेच मिटशील. म्हणून दुसरा कागद घेतला आणि नुसतं ठमी लिहिलं.

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. चार वेळा तिने नाही म्हटलं. पाचव्यांदा मी तिच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसूनच राहिले, तेव्हा तिने तो वीजबिलाच्या पाठीवर लिहून दिला आणि म्हणाली की तुम्हा दोघी बहिणींचे निरोप पोचवायचं माझं वय राहिलेलं नाही, आता तुमचं तुम्ही बघा. तू आणि मेहुणे रोपवाटिका चालवता हेही तिच्याकडूनच कळलं. मेहुण्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांना नमस्कार सांग, किंवा नको सांगूस, तुला पटेल तसं.

लिहायचं कारण असं. परवा मी चष्म्याच्या दुकानात गेले होते. जवळचा नंबर वाढलाय. वह्या तपासताना पूर्णविराम आणि स्वल्पविराम सारखेच दिसायला लागले होते. काउंटरवरच्या मुलीने फ्रेम माझ्या नाकावर बसवली आणि काचेवर बुबुळाच्या जागी पेनाने खूण करायला ती पुढे वाकली. बाहेर एवढं उकडत होतं, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. हात लांब केला तशी उजवी बाही जराशी वर सरकली. भिजून वाळलेल्या कागदासारखी कातडी होती. चेहरा मी त्यानंतर पाहिला.

"हलू नका बाई, खूण चुकेल," ती म्हणाली. खूण झाल्यावर पेनाला टोपण लावत म्हणाली, "ओळखलंत ना?"

पंचवीस वर्षांची झालीय. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे, ते तीच चालवते. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत, पण त्यावाचून काही अडत नाही म्हणाली. तिने शाळेची चौकशी केली, माझी केली, आणि मग विचारलं की विज्ञानाच्या बाई हल्ली कुठे असतात. बाहेरगावी, मी म्हटलं. पत्ता आहे का, म्हणाली. बघते, मी म्हटलं. तिला तुला काही सांगायचंय. काय ते तिने मला सांगितलं, पण ते तिचं तिनेच सांगावं. मी मध्ये पडत नाही.

तर तिला तुझा पत्ता देऊ का, एवढं विचारायला हे पत्र.

बाकी मी काही लिहिणार नव्हते, पण पान उरलंय. अकरा वर्षं झाली. प्रयोगशाळेत तुझ्या तासाला मुलीचा हात भाजला, चौकशी बसली, माझा जबाब गेला, तुझी नोकरी गेली. सख्ख्या बहिणीविरुद्ध लिहायला हात कसा धजला, असं लोकांनी मला तोंडावर विचारलं. मी प्रत्येकाला एकच सांगितलं की मी कुणाच्या विरुद्ध लिहिलं नाही. हजेरीपट घ्यायला प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, जे कानांवर पडलं ते इंग्रजीत मांडलं. त्या कागदात एकही खोटं वाक्य नाही. आजही कुणी काढून दाखवावं.

उत्तराची घाई नाही.

ताई

१७ ऑगस्ट, रविवार

ठमी,

तुझं उत्तर नाही. येईल असं समजून मी पोस्टमनची वाट पाहत नव्हते, पण फाटक वाजलं की उठत होते.

शुक्रवारी वर्गात एक गोष्ट झाली. मी आता मुख्याध्यापिका आहे हे तुला मावशीने सांगितलंच असेल. तरी नववीचा व्याकरणाचा तास मी सोडलेला नाही. डायरेक्ट-इनडायरेक्ट चालू आहे. नियम तेच, फळ्यावर मी गेली तीस वर्षं लिहिते ते. अवतरणचिन्हं काढा. काळ एक पायरी मागे न्या. 'मी'ची 'ती' करा, 'आता'चं 'तेव्हा', 'इथे'चं 'तिथे', 'आज'चं 'त्या दिवशी'. आज्ञा असेल तर 'सेड' काढून 'टोल्ड' किंवा 'ऑर्डर्ड' घाला. तू घरी मला चिडवायचीस, की ताईच्या हाताखालून गेलेलं माणूस आधी परकं होतं, मग भूतकाळात जातं.

मुलींना मी सांगितलं की घरात ऐकलेलं एखादं वाक्य सांगा, आपण ते फिरवू. मागच्या बाकावरून एक उठली. तिची आई म्हणे तिला रोज म्हणते, "जा, कर मजा, तुझा अभ्यास मी करते." वर्ग हसला. मी खडू घेतला आणि लिहिलं की आईने तिला मजा करायला जायला सांगितलं आणि तिचा अभ्यास आपण करू असंही सांगितलं. काळ बरोबर, सर्वनाम बरोबर. मुलगी उभीच. म्हणाली, "पण बाई, असं लिहिलं तर आईने खरंच परवानगी दिली असं होतं."

मी तिला म्हटलं की परीक्षेत असली वाक्यं येत नाहीत. मग पुस्तकातला उतारा उतरवून घ्यायला सांगितला आणि खुर्चीवर बसले. तासाला अजून वीस मिनिटं होती. तीस वर्षांत मी तासाला बसले नव्हते.

तू काय म्हणाली होतीस ते मला शब्द न् शब्द आठवतं. ती पोर काड्यांची पेटी हातात घेऊन तिसऱ्यांदा विचारत होती, "बाई, पेटवू का? पेटवू का बाई?" तू म्हणालीस, "एवढी घाई आहे तर तूच पेटव, आणि उद्यापासून तूच शिकव." पस्तीस मुली एकदम हसल्या.

मी लिहिलं की शिक्षिकेने विद्यार्थिनीला स्पिरिटचा दिवा स्वतः पेटवायला सांगितलं. 'टोल्ड'.

'उद्यापासून तूच शिकव' हे मी लिहिलं नाही. ते असतं तर ती थट्टा आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून बजावलं होतं की शाळेच्या मंडळाला कागद इंग्रजीत लागतो आणि कुणाचे शब्द जसेच्या तसे नकोत, अवतरणं दिसली की त्यांना ते नाटक वाटतं. वृत्तांत द्या, म्हणाल्या, तुमचा तर विषयच आहे. आता थट्टेचा वृत्तांत कसा द्यायचा? आपल्या भाषेत बरं असतं. 'मी येते म्हणाली' असं आपण सांगतो तेव्हा तिची 'मी' तिचीच राहते, बोलण्याचा सूरसुद्धा निम्मा बरोबर येतो. इंग्रजीत तो सूर ठेवायला जागाच नाही. मी ध चा मा केला नाही. अर्धं वाक्य गाळलं, एवढंच.

हे मान्य करायला मला अकरा वर्षं लागली. एवढ्यावर तू मला दोन ओळी लिहाव्यास.

ताई

२१ ऑगस्ट, गुरुवार

ठमी,

मागचं पत्र मी परत वाचू शकत नाही, ते तुझ्याकडे आहे. पण त्यातला शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे, आणि त्याची मला लाज वाटते. 'एवढंच' नव्हतं.

काल ती चष्मा द्यायला शाळेत आली. दुकानातून मी आणलाच नव्हता. दोनदा त्या रस्त्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. माझ्या खोलीत तिने तो मला घातला, काढून कानांमागच्या काड्या बोटांनी जराशा वाकवल्या, पुन्हा घातला. मग विचारलं की पत्ता मिळाला का. मी म्हटलं, बाईंना विचारलंय, उत्तर आलं नाही. ती म्हणाली की मग तुम्हीच त्यांना माझं सांगणं लिहून कळवा. ती म्हणाली तसंच लिहिते.

"त्यांनी मला थांब म्हटलं होतं. मी थांबले नाही. हात माझा भाजला ते ठीक आहे, पण नोकरी त्यांची गेली हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्या शाळेत. मी दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते. बाबांचा जबाब घेतला. मला कुणी विचारलंच नाही, बाई."

मग म्हणाली, "तुम्ही तर दारातच होतात ना. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मी म्हटलं, "आलं."

तिने चष्म्याची डबी टेबलावर ठेवली, काच पुसायचं फडकं आत आहे म्हणाली, आणि गेली.

ऐकू आलं होतं, ठमी. सगळ्या हसल्या, तिने काडी काढली, आणि तू ओरडलीस, "अगं थांब, हात लावू नकोस, आले मी." चांगलं मोठ्याने ओरडलीस. शेजारच्या मुलीने स्पिरिटची बाटली दिव्याजवळ उघडीच ठेवली होती, ती तुला त्या क्षणाला दिसली असणार. तू दोन बाकं ओलांडून धावलीस. तू पोचायच्या आत काडी ओढली गेली होती.

जबाबात पहिलं वाक्य आहे आणि मग थेट आग आहे. मधलं वाक्य मी लिहिलं होतं. कच्च्या कागदावर होतं ते. 'वॉर्न्ड' असं क्रियापद घातलं होतं. पक्का कागद करताना गाळलं. मोठ्या बाईंनी नाही सांगितलं गाळायला. त्यांनी कच्चा कागद पाहिलाही नव्हता.

का गाळलं, ते लिहिते. त्या हसण्यामुळे. माझ्या तासाला मुली कधी हसत नाहीत. तुझ्या तासाला त्या मधली सुट्टी बुडवून थांबायच्या, घरी तू आईला त्यांच्या नकला करून दाखवायचीस, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. मला वाटायचं, एकदा हिला कळू दे. ताकीद मिळेल, एक पत्र मिळेल, दोन महिने घरात जरा शांत राहील. नोकरी जाईल असं मला वाटलं नव्हतं. हे खरं आहे. पण गेली तेव्हा मी तोंड उघडलं नाही, हेही खरं आहे. मोठ्या बाईंनी जबाब घेताना सहज म्हटलं होतं की जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा भरायची आहे. जूनमध्ये ती मी भरली. आज त्यांच्याच खुर्चीत बसून हे लिहितेय.

निकाल लागला त्या संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून जेवलीस. जबाब कुणाचा ते तुला कळलं होतं. मी वाट पाहत होते की तू भांडशील. तू ताट घासून ठेवलंस आणि बॅग भरायला गेलीस. आई दोघींना विचारत होती की काय झालंय. दोघींपैकी एकीनेही तिला सांगितलं नाही. आई गेली तेव्हा तू आलीस, चार दिवस राहिलीस, आणि माझ्याशी फक्त 'चहा ठेवलाय' एवढं बोललीस.

मी मंडळाकडे जाणार आहे.

ताई

६ सप्टेंबर, शनिवार

ठमी,

झालं. सोबत माझ्या नव्या जबाबाची प्रत आहे. या वेळी आपल्या भाषेत लिहिलाय आणि तू जे बोललीस ते अवतरणांत घातलंय, दोन्ही वाक्यं, पूर्ण.

बैठक बुधवारी दुपारी होती. ग्रंथालयाशेजारची ती लांबट खोली तुला आठवत असेल, टेबलाला एक पाय आखूड असलेली. त्याखाली अजूनही पुठ्ठाच आहे. अध्यक्ष नवे आहेत, चिटणीस जुनेच. मी जबाब वाचून दाखवला. चिटणीस चष्मा पुसत बसले. मग अध्यक्ष फार मऊ आवाजात म्हणाले की बाई, तुम्ही येत्या वर्षी निवृत्त व्हायच्या, प्रकरण केव्हाच बंद झालंय, त्या बाई काही आता परत यायच्या नाहीत, मग हे उकरून कुणाचं भलं होणार?

मी म्हटलं, "त्या परत न आल्या तरी चालेल. पण कागद चुकीचा आहे आणि तो मी लिहिलाय."

चिटणिसांनी विचारलं की तुमच्या या नव्या म्हणण्याला पुरावा काय. बरोबर होतं त्यांचं. एकदा खोटं बोललेलं माणूस दुसऱ्यांदा खरं बोलतंय हे कशावरून ओळखायचं? तेव्हा मी दार उघडून तिला आत बोलावलं. दुकानातून तासाभराची सुट्टी काढून ती बाहेर बाकावर बसली होती. मी तिला ये म्हटलं नव्हतं. बैठक कधी आहे एवढंच सांगितलं होतं. तिने कुणी विचारायच्या आधी बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. अध्यक्षांनी मान खाली घातली.

"बाईंनी मला थांब म्हटलं," ती म्हणाली. "सगळ्या हसत होत्या, मलाही हसू येत होतं, आणि मी काडी ओढली. मी चौदा वर्षांची होते. चूक माझी होती असं मी म्हणत नाही, बाटली कुणी उघडी ठेवली तेही मला माहीत आहे आणि मी तिचं नाव घेणार नाही. पण बाईंनी थांब म्हटलं होतं. हे लिहून घ्या."

लिहून घेतलं. ठराव असा झाला की जुना निष्कर्ष या दोन जबाबांसोबत वाचावा, आणि तुला शाळेतर्फे दिलगिरीचं पत्र जावं. ते तुला आठ-दहा दिवसांत मिळेल. पत्राचा मसुदा त्यांनी मलाच करायला सांगितला. सवय, दुसरं काय. मी नाही म्हटलं.

माझं पद मी बैठकीतच सोडलं. कुणी सोड म्हटलं नाही, आणि कुणी राहा असंही म्हटलं नाही. काल शेवटचा तास घेतला. मुलींना कारण कळलं होतं; शाळेत अशा बातम्या घंटेच्या आधी पोचतात. मागच्या बाकावरची ती मुलगी तास संपल्यावर फळा पुसायला आली. माझ्याकडे पाहत नव्हती, पण फार वेळ पुसत होती.

घरात आता दिवस फार मोठा वाटतो. मी सगळं सांगून टाकलंय. मला वाटलं होतं त्याने हलकं वाटेल.

ताई

२३ सप्टेंबर, मंगळवार

ठमी,

तुझं पत्र काल आलं. अक्षर बदललं नाही तुझं. इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "जबाब वाचला. शाळेचं पत्रही आलं. तू दोन्ही जबाबांत लिहिलंयस की माझी पाठ मुलींकडे होती. का होती ते दोन्हीत नाही. हजेरीपट घ्यायला आले होते असंही दोन्हीत आहे. माझ्या वर्गाचा हजेरीपट त्या दिवशी सकाळीच कार्यालयात गेला होता."

आणि खाली नाव नाही.

मी पत्र घेऊन किती वेळ व्हरांड्यात बसले होते ते सांगत नाही. मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त माझ्याच लक्षात राहिलीय. आणि तुला अकरा वर्षं माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी आपलं भांडण झालं होतं. आईचे डोळे दाखवायला न्यायला रजा कुणी काढायची यावरून. तू म्हणालीस, मागच्या दोन्ही वेळा मी काढली. मी म्हटलं, तुझ्या शिकवण्याने जग थांबत नाही. आणि दार आपटून निघाले. किल्ली खुंटीवर राहिली. आईला बाराला औषध द्यायचं होतं आणि तिला उठून दार उघडता येत नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला मी तुझ्या दारात आले. तुझ्याकडे किल्ली मागायची म्हणजे तोंडाने मागावी लागली असती, आणि सकाळी मी काय बोलले होते ते अजून माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी नुसती बोटं हवेत फिरवली, कुलूप उघडतात तशी. तू लगेच मान हलवलीस. रागही नव्हता तुझ्या चेहऱ्यावर. पर्स कपाटात होती. ती काढायला तू मुलींकडे पाठ केलीस, आणि पर्स धुंडाळता धुंडाळताच त्या पोरीला म्हणालीस की तूच पेटव.

तुझी पाठ माझ्यासाठी वळली होती.

आणि मी लिहिलं की दिवा पेटवला जात असताना शिक्षिकेची पाठ विद्यार्थिनींकडे होती. त्या एका वाक्यावर मंडळाने 'हलगर्जी' हा शब्द काढला. त्या शब्दावर तुझी नोकरी गेली. थट्टा गाळली, थांब गाळलं, ते सगळं नंतरचं. हे वाक्य मी गाळलं नाही, घातलं. ते खरं होतं म्हणून घातलं. गेल्या महिन्यात सगळं खरं लिहायला बसले तेव्हाही मी हजेरीपटच लिहिला, ठमी. पेन तिथे आलं आणि हाताने ते आपोआप लिहिलं, जसं काही तसंच घडलं होतं. मला वाटलं, एवढं तरी माझ्याकडे राहू दे.

अजून एक. त्या पोरीला घेऊन सगळे खाली धावले. तू तिच्यासोबत रिक्षात बसलीस. तुझी किल्ली कपाटासमोर फरशीवर पडली होती. मी ती उचलली, घरी गेले आणि आईला औषध दिलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. आईने विचारलं, दमलीस का गं. मी म्हटलं, नाही.

आज सकाळी तिसरा जबाब लिहून शाळेत दिला. दुपारी अध्यक्षांचा फोन आला. फार सभ्य माणूस. त्यांनी एवढंच विचारलं की हा शेवटचा ना, की फाइलला नवा दोरा आणू. मी म्हटलं, शेवटचा. त्याची प्रत सोबत आहे. नीट वाच आणि अजून काही राहिलं असेल तर सांग. आता माझा माझ्या आठवणीवर विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

मला यायचं आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

ताई

५ ऑक्टोबर, रविवार

ठमी,

पत्र मिळालं. "आता कागद पुरे" हे वाचून मी जबाबांच्या सगळ्या प्रती कपाटात टाकल्या. त्या पोरीला तुझा पत्ता दिला, तू दे म्हणालीस म्हणून. ती या महिनाअखेरी येईल. मी तिच्यासोबत यायचं नाही हे मलाही पटतं.

तू लिहिलंयस की माफ केलंय असं समजून येऊ नकोस. तसं समजलेलं नाही. आल्या आल्या रडायचं नाही, सकाळी गिऱ्हाइकं असतात, हेही लक्षात ठेवलंय. मेहुण्यांना सगळं माहीत आहे आणि ते माझ्याशी फारसं बोलणार नाहीत, असं तू आधीच सांगितलंस ते बरं केलंस. मी काही मनाला लावून घेणार नाही. रोपांना पाणी घालणं, पिशव्यांत माती भरणं, जे सांगशील ते करीन. तोपर्यंत तू बोल. अकरा वर्षांचं आहे, मला माहीत आहे. मी मध्ये बोलणार नाही.

दोन दिवस राहायच्या तयारीने ये म्हणालीस. दोन दिवसांत तुझं बोलून होईल असं मला वाटत नाही, म्हणून मी आठवड्याचे कपडे घेतलेत.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने पोचते.

ताई